वाइड लेन्सने पोर्ट्रेट काढायचं का? नाक लेन्स मोठं करत नाही, तुमचे पाय करतात

प्रश्न थोडक्यात असा की हातात फुल फ्रेम (३६ बाय २४ मिमी सेन्सरचा) कॅमेरा आणि १६-३५ मिमीची वाइड झूम लेन्स आहे, तिने माणसांचे फोटो काढले की नाक बटाट्याएवढं आणि कान गायब, आणि ज्याला विचारावं तो म्हणतो पोर्ट्रेटला ८५ मिमीचीच लेन्स लागते, वाइडने पोर्ट्रेट काढतच नाहीत. तर ८५ घ्यावी की आहे त्यातच काही जमेल?

जमेल. पण आधी तो नाकाचा हिशेब मिटवू, कारण तो डोक्यात चुकीचा बसला असेल तर कुठलीही लेन्स घ्या, काही फरक पडणार नाही.

नाक मोठं येतं ते तुम्ही जवळ गेलात म्हणून. लेन्सला दोष देणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. साधं गणित आहे बघा, नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत साधारण १२ सेंमी अंतर धरू. कॅमेरा नाकापासून ३० सेंमीवर असेल तर कान ४२ वर झाले, म्हणजे नाक कानाच्या मानाने १.४ पट मोठं उमटणार. ६० सेंमीवर गेलात की तेच १.२ पट, १ मीटरवर १.१२, आणि २ मीटरवर १.०६, जे कुणाच्या लक्षातही येत नाही. आता या सगळ्या हिशेबात फोकल लेंथ, म्हणजे लेन्सवरचा तो मिमीचा आकडा (जितका लहान तितकी लेन्स वाइड), कुठे आली का? आलीच नाही. २ मीटरवर उभे राहून एक फोटो २४ ने काढा, एक ८५ ने काढा, मग २४ वाला क्रॉप करून चेहरा तेवढाच मोठा करा, नाक कान गाल सगळं जागच्या जागी सारखं दिसेल. क्रॉपमध्ये पिक्सेल कमी उरतील, बॅकग्राउंड कमी ब्लर असेल, पण चेहऱ्याची ठेवण तीच.

मग वाइड बदनाम का? कारण चेहऱ्याने फ्रेम भरायची तर ती तुम्हाला पार त्याच्या अंगावर नेते, आणि ८५ तुम्हाला तेवढं जवळ जाऊच देत नाही. बास, एवढंच तिचं 'पोर्ट्रेट लेन्स'पण. हे सेल्फीत रोज दिसतं, २०१८ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जनांनी याचं गणिती मॉडेलच मांडलं होतं, की १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाकाचा बुंधा ५ फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतो, कारण लोक मोबाईलमधला स्वतःचा फोटो दाखवून नाक बारीक करा म्हणायला यायला लागले होते. नाक बरोबर होतं, हात आखूड होता.

एक संध्याकाळ काढून हे स्वतः करून बघा, वाचून पटत नाही हे. एकाला खुर्चीत बसवा, जमिनीवर चिकटपट्टीने ५० सेंमी, १ मीटर, दीड, २ आणि ३ मीटरच्या खुणा करा, लेन्स ३५ वर ठेवा आणि प्रत्येक खुणेवरून एकेक फोटो. मग कॉम्प्युटरवर सगळ्यांतला चेहरा सारख्या आकाराचा क्रॉप करून शेजारी शेजारी लावा. ५० सेंमी आणि १ मीटरमध्ये जमीन अस्मानाचा फरक दिसेल, १ आणि दीडमध्ये थोडा, आणि २ आणि ३ मध्ये शोधावा लागेल. हे एकदा डोळ्यात बसलं की पुढे आयुष्यभर लेन्सचा आकडा बघायच्या आधी तुम्ही पायाखाली बघाल.

आता दुसरा आजार, आणि हा मात्र खरंच वाइडचा आहे. लोक दोन्ही एकच समजतात आणि मग औषध चुकतं. फ्रेमच्या कडेला असलेली गोष्ट वाइड लेन्स बाहेरच्या बाजूला ताणते. सरळ रेषा सरळ ठेवायच्या तर ही किंमत मोजावीच लागते, लेन्स कितीही महागडी असली तरी. म्हणजे कडेला गोल चेंडू ठेवला तर तो अंड्यासारखा येणार, आणि डोकं म्हणजे शेवटी चेंडूच. किती ताणते त्याचाही आकडा निघतो, फुल फ्रेमवर आडव्या फोटोच्या अगदी कडेला ५० ची लेन्स डोकं साधारण ६ टक्के रुंद करते, ३५ ची १२-१३ टक्के, २४ ची २५ टक्के, आणि १६ वर गेलात की चक्क दीडपट. आणि यात गंमत अशी की इथे लांब जाऊन उपयोग नाही, माणूस ५ मीटरवर असला तरी कडेला उभा असेल तर ताणला जाणारच. म्हणजे पहिल्याला औषध अंतर, दुसऱ्याला औषध फ्रेममधली जागा.

हे मी कसं शिकलो ते सांगतो. सुरुवातीच्या काळात एका ऑफिसचा ग्रुप फोटो होता, चाळीसेक माणसं, खोली एवढीशी, मी मागे सरकत सरकत भिंतीला टेकलो आणि शेवटी २० वर काढला. मधली माणसं झकास. टोकाला उभे होते त्यांचे साहेब, मुळात अंगाने भरलेले, त्यात कडेला साधारण ३५ टक्के ताण, आणि त्यांचं डोकं आडवं ठेवलेल्या पपईसारखं. त्यांनी फोटो बघितला, काही बोलले नाहीत, पण पुढच्या वर्षी मला बोलावलं नाही. आज तोच फोटो असता तर मी दाराबाहेर कॉरिडॉरमध्ये उभा राहिलो असतो आणि ३५ ने काढला असता, ते शक्य नसतं तर खुर्चीवर चढून दोनाऐवजी चार ओळी केल्या असत्या म्हणजे रुंदी कमी झाली असती, आणि दोन्ही बाजूंना रिकामी जागा सोडून नंतर कापली असती. टोकाला सडपातळ माणसं, तीही जरा आत वळून. लहान मुलं टोकाला नकोत, त्यांची डोकी मुळात अंगाच्या मानाने मोठी असतात.

तिसरी एक भानगड असते ती बॅरल डिस्टॉर्शनची, भिंतीच्या रेषा बाहेर फुगतात ती. त्याची काळजी करू नका, हल्ली कॅमेरा किंवा सॉफ्टवेअर लेन्स प्रोफाइलने (त्या लेन्सच्या दोषांच्या नोंदीवरून) आपोआप काढून टाकतं. फक्त ग्रुपच्या फोटोत एकदा प्रोफाइल बंद करून बघा, कारण रेषा सरळ करताना कडेची डोकी अजून ताणली जातात, आणि मागे झाडंच असतील तर रेषा सरळ असून करायच्या काय.

(एक जाता जाता, काहींना खोटं वाटतं पण खरं आहे. २४ ने काढलेला फोटो ३६ सेंमी रुंद प्रिंट केला आणि एक डोळा मिटून बरोबर मधोमध २४ सेंमीवरून बघितला, तर ताणलेली डोकी पुन्हा गोल दिसतात. फोकल लेंथ गुणिले सेन्सरच्या जितक्या पट फोटो मोठा केला तेवढं अंतर. आपण नेहमी त्याच्या कितीतरी लांबून बघतो म्हणून ते विचित्र वाटतं. पण गिऱ्हाइकाला नाक प्रिंटला लावून बघ म्हणून सांगता येत नाही.)

तर मग वाइडने माणूस काढायचा कसा? माझं म्हणणं एवढंच की वाइडकडे चेहरा मागू नका, माणूस मागा. ३५ ची लेन्स उभी धरून १ मीटरवर उभे राहिलात तर साधारण ७० सेंमी रुंद आणि १ मीटर उंच एवढं मावतं, म्हणजे डोक्यापासून कमरेपर्यंत माणूस आणि आजूबाजूला थोडी हवा. २४ ने तेवढ्याच अंतरावरून १ मीटर रुंद आणि दीड मीटर उंच. हेच तिचं नैसर्गिक काम. यापेक्षा जवळ जायची इच्छा झाली की समजा तुम्ही लेन्सशी भांडताय. मी स्वतः डोकं १ मीटरच्या आत येऊ देत नाही, दीड मीटर असेल तर बरंच, आणि डोकं फ्रेमच्या मधल्या एक तृतीयांश भागात. मधोमधच पाहिजे असं नाही, पण कोपऱ्यात तर नाहीच.

आणि वाइड वापरायला कारण पाहिजे, ते कारण म्हणजे जागा. स्टीव्ह मॅककरी या छायाचित्रकाराने १९८४ मध्ये काढलेला हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो १०५ च्या लेन्सचा आहे, तिथे डोळे हेच सगळं होतं, मागे काय आहे याची कुणाला पडलेली नाही. याउलट छायाचित्रकार अर्नॉल्ड न्यूमनने १९४६ मध्ये काढलेला संगीतकार स्ट्रॅविन्स्कीचा फोटो आठवा, तो बिचारा खालच्या कोपऱ्यात आणि बहुतेक फ्रेम पियानोच्या उघड्या झाकणाने व्यापलेली. तो फोटो वाइडसाठी नाही सांगत, विचारासाठी सांगतोय, की आजूबाजूची वस्तू माणसाबद्दल बोलत असेल तर तिला फ्रेममध्ये हक्काने जागा द्यायची. वाइड लेन्स ही जागा फुकट देते, पण फुकट मिळालं म्हणून लोक पंखा, प्लग, बादली, अर्धी खुर्ची असं काहीही आत येऊ देतात.

मी एकदा एका सुताराचे फोटो काढत होतो. आधी सवयीने ८५ लावली, चेहरा छान, मागे सगळं मऊ मऊ, आणि फोटो बघितल्यावर कळेना की हा माणूस सुतार आहे की बँकेत आहे. मग २८ लावली, सव्वा मीटरवर गेलो, त्याला रंधा मारत राहा म्हटलं. रंधा धरलेला हात माझ्याकडे आला होता म्हणजे चेहऱ्यापेक्षा मोठा दिसत होता, आणि तो मुद्दाम तसाच ठेवला, कारण त्या माणसाचे हात हाच तर विषय होता. लाकडाच्या फळीची कड खालच्या कोपऱ्यातून निघून बरोबर त्याच्याकडे जात होती. जवळची वस्तू मोठी होते हा दोष चेहऱ्यावर पडला तर नाक, हातावर पडला तर फोटो.

याच गोष्टीची उलटी बाजू कॅमेऱ्याच्या उंचीत दिसते, आणि वाइडमध्ये उंची फार बोलते. उभ्या माणसाचा पूर्ण फोटो काढताना आपण आपल्या डोळ्याच्या उंचीवरून कॅमेरा खाली झुकवतो, मग डोकं मोठं आणि पाय छोटेसे, बुटका दिसतो माणूस. कॅमेरा त्याच्या कमरेच्या उंचीवर आणा, सरळ धरा, वरखाली झुकवू नका, प्रमाण जागेवर येतं. अजून खाली गेलात तर पाय लांब होतात, फॅशनवाले हे रोज करतात, पण हनुवटी आणि नाकपुड्या दिसायला लागायच्या आत थांबायचं. कमरेपर्यंतच्या फोटोत कॅमेरा छाती ते गळ्याच्या दरम्यान. आणि फ्रेममध्ये पाय असतील तर ते अगदी खालच्या कडेला चिकटवू नका, बूट होडीएवढे होतात. बसलेल्या माणसाचे गुडघे समोरून लेन्सच्या दिशेला आले तर फोटोत गुडघेच दिसतात, त्याला तिरका बसवा. हात टेबलावर पुढे टाकून बसला असेल तर कोपर मागे घ्यायला सांगा. म्हणजे थोडक्यात, शटर दाबायच्या आधी एकच विचारायचं, की माझ्या सगळ्यात जवळ या माणसाचं काय आहे आणि ते मोठं झालेलं मला चालेल का.

चालेल असं उत्तर असेल तर खुशाल जा जवळ. प्लेटन नावाच्या छायाचित्रकाराने २००० मध्ये एस्क्वायर मासिकाच्या कव्हरसाठी बिल क्लिंटनला खालून वाइडने काढलं, हात गुडघ्यांवर, पाय फाकलेले, सगळा माणूस तुमच्याकडे उतरत येतोय असा, त्यावर गदारोळही झाला. पण ते ठरवून होतं. ब्रूस गिल्डन हा दुसरा छायाचित्रकार रस्त्यावर २८ आणि फ्लॅश घेऊन लोकांच्या तोंडाजवळ जातो, त्याला सुंदर चेहरा नकोच आहे. आपली अडचण अशी की आपल्याला हवा असतो गोड फोटो आणि आपण उभे असतो गिल्डनच्या अंतरावर.

ब्लरबद्दल एक अपेक्षा आधीच कमी करून ठेवा. लांबची बॅकग्राउंड किती पुसली जाणार हे माणूस फ्रेममध्ये तेवढाच ठेवला तर साधारण लेन्सच्या भोकाच्या (अॅपर्चरच्या) खऱ्या मापावर ठरतं, म्हणजे फोकल लेंथ भागिले एफ आकडा, भोक किती उघडलंय ते सांगणारा. ८५ ला एफ १.४ म्हणजे ६१ मिमीचं भोक, ३५ ला एफ १.४ म्हणजे २५, आणि तुमची झूम ३५ ला एफ २.८ असेल तर साडेबारा. जवळपास पाचपट फरक. तेव्हा वाइडवर बॅकग्राउंड पुसायचा नाद सोडून द्या आणि ती निवडायला शिका. वाइडमध्ये एक पाऊल डावीकडे सरकलं की माणसाच्या मागचं सगळं बदलतं, खांब डोक्यातून उगवणं, क्षितिजाची रेषा गळ्यातून जाणं, हे सगळं एका पावलात सुटतं. मी तर आधी माणूस नसताना फ्रेम लावतो, चारी कडा डोळ्यांनी फिरून बघतो, आणि मग त्याला त्या रिकाम्या जागेत आणून उभा करतो.

फोकसमध्ये एक खड्डा आहे. मधल्या फोकस पॉइंटने डोळ्यावर फोकस धरून मग कॅमेरा वळवून फ्रेम करायची जुनी सवय अनेकांना आहे. वाइडला सगळं शार्पच असतं म्हणून चालून जाईल असं वाटतं, पण २४ एफ १.४ वर १ मीटरवरून पंचवीसेक अंश कॅमेरा वळवला तर फोकस डोळ्याच्या ९ सेंमी मागे जातो, आणि पुढच्या बाजूला शार्प पट्टा असतो जेमतेम ७ सेंमी. गेला डोळा. पॉइंटच डोळ्यावर न्या किंवा आय एएफ (कॅमेऱ्याने स्वतः डोळा शोधून फोकस करणं) चालू ठेवा. फक्त फ्रेममध्ये चेहरा फार छोटा असेल तर तेही कधी कधी भलतीकडेच पकडतं, मग झूम करून तपासा.

लाइटची कटकट जरा जास्त असते. ८५ ला सॉफ्टबॉक्स (प्रकाश मऊ करणारी कापडी पेटी) माणसाच्या कानाजवळ आणता येतो, वाइडला स्टँड, वायर, सगळं फ्रेममध्ये. मी शक्यतो खिडकी वापरतो, नाहीतर फ्लॅश मागच्या भिंतीवर किंवा छतावर मारतो. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश सरळ मारायचा असेल तर बघून घ्या, बऱ्याच फ्लॅशचं डोकं २४ पर्यंतच पसरतं, त्याहून वाइड लेन्स असेल तर ती छोटी पारदर्शक पट्टी ओढून काढावी लागते नाहीतर कोपरे काळे. लाइट जवळच हवा असेल तर ट्रायपॉडवर एक फोटो लाइटसकट आणि एक लाइट काढून, मग दोन्ही जोडायचे, स्टँड गायब. बाहेर असाल तर वाइडमध्ये आकाश भरपूर येतं आणि कॅमेऱ्याचं प्रकाश मोजणारं मीटर फसतं, चेहरा काळा पडतो, तेव्हा एक्स्पोजर चेहऱ्यावरून ठरवा. सूर्य माणसाच्या मागे असेल तर तुमची सावली त्याच्या पायावर पडत नाही हा एक फायदा, तुमच्या पाठीशी असेल तर आधी ती सावली बघा.

आणि एक गोष्ट पुस्तकात नसते, १ मीटरवरून फोटो काढायचा म्हणजे तुम्ही त्या माणसाच्या घरात शिरल्यासारखं असतं. ८५ ने तीन मीटरवरून गप्प राहून काम होतं, वाइडने गप्प राहिलात तर तो आखडतो आणि ते आखडणं सगळ्या अंगात दिसतं कारण सगळं अंग फ्रेममध्ये आहे. मी पहिली पाच-दहा मिनिटं नुसता कॅमेरा हातात धरून बोलतो. हातांना काम द्या, उभं नुसतं राहू देऊ नका.

मोबाईलवाल्यांसाठी, तुमचा मुख्य कॅमेरा म्हणजे बहुतेक २४ ते २६ चाच वाइड, आणि दुसरा अल्ट्रा वाइड १३-१४ च्या आसपास. म्हणून वरचं सगळं जसंच्या तसं लागू, दोन पावलं मागे जाऊन २ एक्सने काढा. अल्ट्रा वाइडने ग्रुप काढताना कडेला कुणी नको. क्रॉप सेन्सरवाल्यांनी (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा कॅमेरा असलेल्यांनी) आकडे साधारण दीडने गुणायचे, १६ म्हणजे २४ आणि २३ म्हणजे ३५ च्या जवळ.

आता मूळ प्रश्न, ८५ घ्यावी का. अजून नको. आहे ती झूम ३५ वर ठेवा, हवं तर रिंगवर चिकटपट्टी लावा, आणि महिनाभर माणसं फक्त त्यावर काढा, दीड मीटरच्या आसपासून. महिन्याने फोटो बघताना सारखं असं वाटलं की आजूबाजूचं नको होतं, चेहराच हवा होता, तर ८५ घ्या, तुमचा पिंड तो आहे, त्यात काही वाईट नाही. जागेतच जीव रमला तर पैसे वाचले. २८ आणि २४ कडे त्यानंतर जा. झूमच्या १६ च्या टोकाला मात्र माणसासाठी मी वर्षातून दोन-तीनदाच जातो, तेही माणूस मधोमध, पूर्ण उभा, छोटासा, आणि चारी बाजूंनी काहीतरी प्रचंड असेल तेव्हाच.